सँक्शन लागले म्हणजे हुकूमशहा वाकतो का? बातमी वाचताना काय काय तपासायचं

"अमुक देशावर कठोर आर्थिक निर्बंध" (म्हणजेच सँक्शन) अशी पट्टी टीव्हीवर फिरली की नाशकात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता बघा कसा गुडघे टेकतो, दुसरी म्हणते काही होत नाही हो, सगळं नाटक आहे, आणि दिंडोरी-निफाडचा द्राक्षवाला या दोघांना बाजूला सारून एकच विचारतो, माझा कंटेनर जाईल का. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांच्या कामात असतो म्हणून तिन्ही प्रकारचे फोन मलाच येतात, तर एकदाच लिहून ठेवतो. बातमी आली की मी कोणत्या क्रमाने काय बघतो ते आधी, आणि माल पाठवायचा असेल तर काय तपासायचं ते शेवटी. एमपीएससी, यूपीएससीवाल्या पोरांनाही चालेल.

सगळ्यात आधी: मागणी काय आहे ते बघा

"सँक्शन चालतात का" हा प्रश्नच अर्धवट आहे. चालतात म्हणजे कशासाठी? समोरच्याला एक मशीन विकत घेऊ नको म्हणणं वेगळं आणि खुर्ची सोड म्हणणं वेगळं. १९७०च्या दशकात दक्षिण कोरियात पार्क चुंग-हीची लष्करी राजवट होती, ते फ्रान्सकडून अणुइंधनाचं रिप्रोसेसिंग प्लांट (वापरलेल्या इंधनातून बॉम्बला चालणारं प्लुटोनियम काढायचा कारखाना) घेणार होते, अमेरिकेने मागून दाब दिला, मदत आणि कर्ज अडकतील असं सुचवलं, आणि १९७६ साली तो सौदा रद्द झाला. एकही निर्बंध प्रत्यक्ष लागला नाही. नुसत्या धमकीवर काम झालं, कारण मागणी छोटी होती आणि दोघांचा रोजचा व्यवहार मोठा होता. अशा गोष्टी बातमीत येतच नाहीत, त्यामुळे आपल्याला दिसतात ती फक्त धमकीला न बधलेली हट्टी गिऱ्हाइकं, आणि मग वाटतं की हे हत्यारच बोथट आहे.

उलट इराकचा सद्दाम, सीरियाचा असद, उत्तर कोरियाचे किम, यांना मागितलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या दृष्टीने जीवच. खुर्ची गेली की जेल नाहीतर फाशी हे माहीत असलेला माणूस डॉलर मिळत नाहीत म्हणून राजीनामा देईल ही अपेक्षाच चुकीची आहे. सीरियात असद डिसेंबर २०२४ मध्ये गेला खरा, पण बंडखोरांच्या फौजा दमास्कसमध्ये घुसल्या म्हणून गेला. अर्थव्यवस्था पोखरली गेल्याने सैन्य लढेना, हा त्यात सँक्शनचा वाटा धरता येईल, पण नुसत्या सँक्शनने नाही.

अभ्यासकांतही यावर जुनं भांडण आहे, ते माहीत असलेलं बरं. हफबाउर, शॉट आणि एलियट यांनी पहिल्या महायुद्धापासून १९९० पर्यंतची ११५ प्रकरणं तपासून त्यातली ४० यशस्वी धरली. मग १९९७ साली रॉबर्ट पेप नावाच्या प्राध्यापकाने तीच ४० पुन्हा उघडून बघितली आणि म्हणाला यातली फक्त ५ टिकतात, बाकी ठिकाणी एकतर लष्कर वापरलं गेलं होतं, नाहीतर समोरचा वाकलाच नव्हता. त्यामुळे कोणी तुमच्या तोंडावर टक्केवारी फेकली तर आधी विचारायचं, यश कशाला म्हटलंय.

मग: माल कुठून फिरवता येतो

हे नाशिककरांना पुस्तकातून शिकायची गरजच नाही. २०२३ ची कांदा एक्स्पोर्ट बंदी आठवा. ऑगस्टमध्ये ४० टक्के ड्युटी, लासलगावचे लिलाव बंद, मग ८ डिसेंबरला थेट बंदी आणि ती उठली मे २०२४ मध्ये. तेव्हा हेतू वेगळा होता, कोणाला वाकवायचं नव्हतं, आपल्याकडचे भाव खाली ठेवायचे होते. पण झालं काय ते बघा, इकडे भाव पडले ते चाळीत कांदा घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचे, तिकडे बांगलादेशवाल्यांनी थोडे दिवस आरडाओरडा केला आणि मग पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा शोधला, आणि जे गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याच्या आडतीवर गेलं ते बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही. कोणाचं नुकसान, किती दिवस, आणि दुसरा विकणारा आहे का, हे तीन प्रश्न जगातल्या कुठल्याही सँक्शनला तसेच्या तसे लावता येतात.

ऱ्होडेशिया (आताचं झिंबाब्वे) घ्या. १९६५ साली तिथल्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लावले, आणि तरी ते सरकार पुढे चौदा वर्षं टिकलं. का? कारण खाली दक्षिण आफ्रिका आणि शेजारी पोर्तुगीजांच्या ताब्यातलं मोझांबिक, दोघांची बंदरं उघडी. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं, पुढच्या वर्षी त्यांनी सीमा बंद केली, तेव्हा खरी चणचण सुरू झाली, आणि तोवर गनिमी युद्धही अंगावर आलं होतं. क्यूबाचं तसंच, १९६२ पासून अमेरिकेचा बहिष्कार, पण सोव्हिएत संघ साखर विकत घेतोय म्हटल्यावर काय होणार. आजही संयुक्त राष्ट्रांत दरवर्षी बहुतेक सगळे देश त्या बहिष्काराच्या विरोधात मत देतात आणि अमेरिका दरवर्षी ते बाजूला ठेवते. एकटा देश सँक्शन लावत असेल तर हुकूमशहाला विशेष त्रास होत नाही, उलट घरच्या सगळ्या अपयशाचं खापर फोडायला एक कायमचा शत्रू आयता मिळतो.

आता रशियाचं तेल. इथे लोक एक गोष्ट घोळात घेतात. भारत तेल घेतो म्हणजे सँक्शन फसले असं सरसकट म्हणतात. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन क्रूड दोनेक टक्के होतं, २०२३ पर्यंत ते एक तृतीयांशाच्या वर गेलं, हे खरं. पण डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ वाल्यांनी जी बॅरलमागे ६० डॉलरची कॅप (कमाल भावाची मर्यादा) लावली तिचा हेतूच हा होता की तेल बाजारात येत राहावं (नाहीतर सगळ्यांचंच पेट्रोल भडकलं असतं) पण पुतीनच्या खिशात कमी पैसे जावेत. ६० च्या वर विकलं तर युरोपियन जहाजं आणि इन्शुरन्स मिळणार नाही, ही त्यातली मेख. मग रशियाने जुनी जुनी टँकर गोळा करून स्वतःचा वेगळाच ताफा उभा केला आणि कॅपला हळूहळू गळती लागली. म्हणजे पूर्ण फसलं असंही नाही आणि जमलं असंही नाही, रशियाला डिस्काउंट द्यावा लागला, लांबचा फेरा पडला, पण युद्ध थांबलं नाही. पुढे अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या नावावर आपल्यावरच २५ टक्के जादा टॅरिफ लावला, आणि ऑक्टोबरात रोसनेफ्ट व लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांना निर्बंधांच्या यादीत टाकलं. तिसऱ्या देशाला चटका द्यायची वेळ येते तेव्हा समजायचं, पहिल्या यादीतून पुरेसं साधलेलं नाही.

टंचाई कोणाच्या हातात जाते

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि टीव्हीवर नेमका हाच कोणी विचारत नाही. देशाचं उत्पन्न किती घटलं हे आकडे सगळे सांगतात. पण जे उरलं त्याचं वाटप कोण करतंय?

इराकवर ऑगस्ट १९९० मध्ये जवळपास संपूर्ण निर्बंध लागले, तेल विकायचं नाही, बाहेरून काही घ्यायचं नाही. सद्दामने लगेच रेशन सुरू केलं, पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल. आता विचार करा, ज्या घरात महिन्याचं पीठ सरकारी यादीत नाव असेल तरच येतं त्या घरातला माणूस मोर्चात जाईल का? आधी जो व्यापारी, शिक्षक, कारकून स्वतःच्या कमाईवर जगत होता आणि सरकारशी दोन हात लांब राहू शकत होता तोही रेशनच्या दुकानाला बांधला गेला. म्हणजे बाहेरच्यांनी आवळलेल्या फासाची दोरी आत सद्दामच्याच हातात. मग लोकांचे हाल बघून संयुक्त राष्ट्रांनी तेलाच्या बदल्यात अन्न अशी योजना आणली, १९९६ च्या शेवटी त्यातून तेल निघायला लागलं, तर त्यातही कमिशन. २००५ साली या योजनेची चौकशी करणाऱ्या व्होल्कर समितीचा अहवाल आला, दोन हजारांहून जास्त कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला गुपचूप पैसे दिले होते, रक्कम साधारण १८० कोटी डॉलर. त्याच अहवालावरून आपल्याकडे परराष्ट्रमंत्र्यांचं खातं गेलं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल.

पण याच इराकची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेने घुसून शोधलं तर मोठ्या संहारक शस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत. म्हणजे निर्बंध आणि तपासणी यांनी शस्त्रांचं काम बऱ्यापैकी केलं होतं. खुर्ची हलली नाही, हात बांधले गेले, आणि त्याची किंमत इराकी लेकराबाळांनी मोजली. यश म्हणायचं की अपयश हे मागणीवर ठरतं, वर म्हटलं तसंच.

इराणमध्ये रेशनऐवजी स्मगलिंग. सरळ मार्गाने आयात बंद झाली की सीमा, बंदरं, हवाला ज्यांच्या ताब्यात त्यांची चांदी, आणि तिथे ते म्हणजे रिव्होल्युशनरी गार्ड या राजवटीच्या खास लष्करी दलाशी जोडलेले लोक. प्रामाणिक आयातदार बुडाला, त्याची जागा बंदूकवाल्याने घेतली. २०१५ च्या सुमारास डॉलरला ३० हजारांच्या आसपास रियाल पडायचे, २०२५ मध्ये आकडा दहा लाखांच्या वर गेला. यात पिचला तो नोकरदार, पेन्शनर, दुकानदार, म्हणजे ज्या वर्गातून बदल मागणारी माणसं येतात नेमका तोच वर्ग. म्हणून बातमीत "इराणचं चलन कोसळलं" वाचलं की टाळ्या वाजवायच्या आधी बघा, कोसळलं कोणाचं.

आता उलटं उदाहरण, दक्षिण आफ्रिका. आपण १९४६ सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता, जगात सगळ्यात आधी, पण त्याने वर्णभेदी सरकारला फार फरक पडला नाही. फरक पडला १९८५ मध्ये, अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने छोट्या मुदतीची कर्जं पुढे वाढवायला नकार दिला, बाकीच्या बँका मागोमाग, आणि सप्टेंबरात सरकारला परतफेड थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. पुढच्या वर्षी अमेरिकन संसदेने रेगनचा व्हेटो मोडून निर्बंधांचा कायदा केला. इथे झळ बसली ती गोऱ्या उद्योगपतींना आणि गोऱ्या मतदारांना, म्हणजे ज्यांच्या जिवावर सरकार उभं होतं त्यांनाच, आणि त्यांच्या हातात मत होतं. शिवाय आत काळ्यांचं जबरदस्त आंदोलन चालू, आणि शीतयुद्ध संपत आलेलं. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले ते या सगळ्याच्या गोळाबेरजेने. सँक्शनचे समर्थक हे एक उदाहरण कायम पुढे करतात, पण तशी परिस्थिती दुसरीकडे क्वचितच जुळून येते.

परत यायला दार आहे का

हुकूमशहाही हिशेबी असतो. ऐकलं तर खरंच सुटका होणार का हे तो बघणारच. लिबियाचं बघा, १९९२ मध्ये निर्बंध, लॉकर्बी विमान स्फोटाचे दोन आरोपी गद्दाफीने एप्रिल १९९९ मध्ये सोपवले, निर्बंध स्थगित झाले, २००३ च्या डिसेंबरात अणुकार्यक्रमही सोडला. छान जमलं होतं. मग २०११ मध्ये नाटोची विमानं आली आणि गद्दाफी मारला गेला. कारणं वेगळी होती हे मान्य, पण उत्तर कोरियात प्योंगयांगमध्ये बसलेल्या किमने त्यातून काय शिकवण घेतली असेल सांगा बरं.

इराणने २०१५ मध्ये अणुकार्यक्रम आवरायचा करार केला, कारण २०१२ पासून बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेबाहेर आणि युरोपची तेलखरेदी बंद, म्हणजे सँक्शनने टेबलावर आणलं होतं हे नक्की. तपासणीवाले सांगत होते इराण अटी पाळतोय, तरी मे २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले आणि निर्बंध परत. आपणही २०१९ पासून इराणी तेल घेणं थांबवलं. मग इराणने करारातली ३.६७ टक्के शुद्धतेची मर्यादा सोडून एप्रिल २०२१ पर्यंत युरेनियम ६० टक्क्यांपर्यंत शुद्ध करायला सुरुवात केली. ऐकूनही मार बसतो असं एकदा कळलं की पुढच्या वेळी ऐकायचं कशाला.

म्हणून माझं मत विचाराल तर असं: छोटी आणि स्पष्ट मागणी, बरेच देश एकत्र, झळ सत्तेच्या जवळच्यांना, आणि ऐकल्यावर खरोखर उठणारे निर्बंध, हे चारही असतील तर सँक्शन चालतात. राजवट पाडायला म्हणून लावलेले जवळपास चालतच नाहीत, फारतर तिचे हात बांधतात. आणि दहा-वीस वर्षं तसेच पडून राहिलेले निर्बंध म्हणजे परराष्ट्र धोरणातली अडगळ.

पहिल्या महिन्यावरून निकाल देऊ नका

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाच्या सेंट्रल बँकेने व्याजदर एका झटक्यात २० टक्के केला, मार्चमध्ये रुबल डॉलरला १२० च्या पलीकडे, सगळे म्हणाले संपला रशिया. जूनमध्ये रुबल पन्नाशीत, सगळे म्हणाले सँक्शन फुस्स. दोन्ही घाई. साधारण ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठली ती गोठलीच, आणि त्याच जूनमध्ये लाडा ग्रांटा गाडी कारखान्यातून बाहेर पडत होती ती एअरबॅग आणि एबीएस शिवाय, कारण पार्टच नव्हते. मग चिप्स किर्गिझस्तान, तुर्कस्तान, हाँगकाँग असा फेरा मारून पोचायला लागल्या, महाग पण पोचल्या. असं नुकसान गुडघेदुखीसारखं हळूहळू वाढतं, एका बुलेटिनमध्ये दिसत नाही.

जुळवून कसं घेतात हे आपल्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या माणसाला विचारा. १९९८ च्या पोखरणनंतर आपल्यावरही निर्बंध होते. आपण हुकूमशाही नव्हतो त्यामुळे तुलना तेवढ्यापुरतीच, पण सरकारने परदेशातल्या भारतीयांकडून रिसर्जंट इंडिया बाँड काढून ४ अब्ज डॉलरच्या वर उभे केले, तेजस विमानाच्या फ्लाइट कंट्रोलवर अमेरिकेतलं काम थांबलं तर इकडच्यांनी ते पुरं करून जानेवारी २००१ मध्ये विमान उडवलं. उशीर झाला, काम थांबलं नाही. त्याच तेजसची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये एचएएलच्या ओझर कारखान्यातून उडाली, आणि गंमत म्हणजे इंजिन आजही अमेरिकेतूनच येतं.

आता तुमचा कंटेनर

फळं, भाजी, औषधं यांच्यावर शक्यतो बंदी नसते. १ मार्च २०२२ ला मर्स्कने रशियाची बुकिंग थांबवली तेव्हाही अन्न आणि औषधं वगळली होती. पण बाकीचा मालच नाही म्हटल्यावर जहाज जाणार कशाला, आणि बँक म्हणते नियमात चालतं हो, पण आम्ही रिस्क घेत नाही. द्राक्षाला बसतो तो हा फटका. माल यादीत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

तपासायची चार नावं: खरेदीदार, माल उतरवून घेणारा, त्यांची बँक, आणि जहाज. अमेरिकेच्या ओएफएसीची (निर्बंध सांभाळणारं त्यांच्या अर्थखात्याचं ऑफिस) यादी नेटवर फुकट शोधता येते, युरोपियन युनियनची आणि संयुक्त राष्ट्रांचीही. नुसतं कंपनीचं नाव टाकून थांबू नका, मालक कोण ते बघा, कारण यादीतल्या माणसाची ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनी यादीत नाव नसूनही अमेरिकेच्या नियमात अडकते. रशियन नावांचं स्पेलिंग चार प्रकारे लिहितात, चारही टाकून बघा. जहाजाचं नाव रंग मारून बदलतात पण आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा नोंदणी क्रमांक) बदलत नाही, तो बुकिंगच्या वेळीच मागा.

पैशाचं आधी ठरवा. शक्य तितका अ‍ॅडव्हान्स, उधारीवर पाठवणार असाल तर ईसीजीसी (एक्स्पोर्टच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या देशाला कव्हर देतंय का ते आधी विचारा, पॉलिसी आहे म्हणून गृहीत धरू नका. जुलै २०२२ पासून आरबीआयने रुपयात व्यवहार करायला व्होस्ट्रो खात्याची (परदेशी बँकेचं आपल्या बँकेतलं रुपयांचं खातं) सोय केली आहे, आपल्याला त्यात रुपये मिळतात म्हणून एक्स्पोर्टरला बरी. रशियनांची अडचण उलटी, आपण तेल भरमसाट घेतो आणि विकतो थोडं, त्यामुळे मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव साहेबच म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडलेत आणि वापरता येत नाहीत. नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात, मॉस्कोत त्याचं काय करणार बिचारे.

आणि कोणी म्हणालं बिल दुबईच्या कंपनीच्या नावे काढा, माल जाईल तिथेच, तर सरळ नाही म्हणा. कागदावर एक आणि जाणार दुसरीकडे हे पकडलं गेलं तर त्या कन्साइनमेंटपुरतं राहत नाही, बँक तुमचं सगळंच खातं संशयाने बघायला लागते, मग हॉलंडचं पेमेंटही अडकतं.

फोनवर "होऊन जाईल" हे बँकेचं उत्तर धरू नका. खरेदीदार, त्याची बँक, देश, माल, जहाज, रक्कम एवढं एका मेलमध्ये लिहून ब्रँचला पाठवा, त्यांच्या फॉरेक्सवाल्या डिपार्टमेंटचं लेखी उत्तर मागा, आणि ते उत्तर आल्यावरच पॅकहाऊसला तोडणीची तारीख द्या, कारण वेलीवरचा माल आठवडाभर थांबू शकतो, रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) भरलेला नाही.